आक्काची थुंकी, माझी सही

माझ्या बहिणीच्या थुंकीच्या सात काचा मी स्वतःच्या हातानं रंगवल्या आहेत. सातही निगेटिव्ह. प्रत्येक रिपोर्टाखाली माझी सही आहे. तरीही तिला दोन वेळा टीबीची औषधं दिली गेली. दुसऱ्या वेळी दोन महिने इंजेक्शनं टोचली, त्यात तिचा उजवा कान पूर्ण गेला आणि डावा अर्धा राहिला. त्या सगळ्या काळात मी रोज डबा घेऊन कामावर जात होतो. हे लिहितोय ते मन हलकं करायला नाही. माझा राग अजून ताजा आहे, आणि त्यातला बराचसा माझ्यावरच आहे.

मी जुन्या जालन्यातल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. खाली धान्याच्या अडती, वर आम्ही. जिन्यावर पोत्यांची धूळ आणि आत स्पिरिटचा वास. टीबीची तपासणी तशी सोपी असते. बेडक्याचा पातळ थर काचेवर पसरायचा, त्यावर लाल रंग ओतून खालून आच द्यायची, ॲसिडनं धुवायचं, मग निळा रंग द्यायचा. टीबीचे जंतू लाल रंग सोडत नाहीत, बाकी सगळं निळं होतं. त्या निळ्यात बारीक लाल काड्या दिसल्या की पॉझिटिव्ह. आक्काच्या काचांवर लाल काही नव्हतं. होत्या त्या फक्त पांढऱ्या पेशी, म्हणजे पू. एकीवर एक पडलेल्या, फुटलेल्या, मोजता येणार नाहीत इतक्या. रिपोर्टात त्यासाठी एक ठरलेला शब्द असतो: प्लेंटी. मी तो सातही वेळा लिहिला आणि पुढची काच घेतली.

आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बदनापूरच्या पुढं आत एका खेड्यात दिलेली, तिथंच अंगणवाडी सेविका. लहानपणी तिला गोवर आला होता आणि गोवरातच न्यूमोनिया झाला. आईनं दाराला लिंबाचा पाला बांधला आणि नऊ दिवस तिला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. ती वाचली, पण खोकला तेव्हापासून राहिला. पावसाळा संपता संपता सुरू व्हायचा आणि होळीपर्यंत चालायचा. सकाळी उठल्यावर ती मोरीपाशी बसून अर्धा तास खोकायची. आमच्या घरात त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. एखाद्याचा आवाज जाड असतो, तसा तिला खोकला होता.

चौतिसाव्या वर्षी एका हिवाळ्यात तिला ताप भरला आणि बेडक्यातून रक्त आलं. दाजी तिला घेऊन जालन्याला आले. मीच त्यांना शहरातल्या एका जुन्या, नावाजलेल्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांच्याकडून आमच्या लॅबला रोज चिठ्ठ्या यायच्या, त्यामुळं मला नंबर लावावा लागला नाही, याचाही मला तेव्हा अभिमान वाटला होता. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडं धरला आणि टीबी आहे म्हणून सांगितलं. थुंकी तपासायची चिठ्ठी दिली. मी तीन नमुने घेतले, तीन काचा पाहिल्या आणि रिपोर्ट स्वतः नेऊन दिला. त्यांनी तो वाचला आणि मान वर न करता म्हणाले, "निगेटिव्ह आला म्हणजे टीबी नाही, असं नसतं."

हे खोटं नाही. काही वेळा जंतू कमी असतात, काचेवर सापडत नाहीत. आम्हाला शिकवतानाही हे सांगितलेलं असतं. पण मग आणखी शोधायचं असतं. कल्चर लावून जंतू वाढवून बघायचे, सीटी काढायचा, निदान विचारायचं तरी की बाई, हा खोकला किती वर्षांचा आहे. त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. त्या खुर्चीसमोर उभा राहिलो की मी फक्त 'हो साहेब' म्हणायचो.

औषधं सुरू झाली आणि पंधरा दिवसांत ताप उतरला. आम्ही सगळे म्हणालो, बघा, साहेबांनी बराबर ओळखलं. त्या औषधांतली एक गोळी टीबीखेरीज दुसऱ्याही बऱ्याच जंतूंना मारते, म्हणून बरं वाटलं असणार, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

पण गावात शब्द पोचला होता. आधी दोन आयांनी पोरं पाठवायची बंद केली, मग आठ जणींनी. सुपरवायझर बाई आल्या आणि पूर्ण बरं झाल्याचा दाखला येईपर्यंत घरी बसा म्हणून सांगून गेल्या. आक्का घरी बसली. त्याच वर्षी भाऊबीजेला ती माझ्याकडं आली. माझ्या बायकोनं तिच्यासाठी एक स्टीलचा कप वेगळा काढून ठेवला होता. इतर कपांत मिसळू नये म्हणून त्याच्या कानाला लाल दोरा बांधला होता. मी तो दोरा पाहिला. आक्कानंही पाहिला. तिनं मला ओवाळलं, चहा प्याली, कप स्वतः घासला आणि मांडणीवर न ठेवता खिडकीत पालथा घातला. माझ्या पाकिटात तेव्हा तिच्या तिसऱ्या निगेटिव्ह रिपोर्टाची घडी होती. ती मी तिथंच राहू दिली. बायकोला नंतर विचारलं तर ती म्हणाली, लहान लेकरं आहेत घरात, तुम्हीच तर लॅबमधून आल्यावर आंघोळीआधी मला अंगाला हात लावू देत नाही. तिचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. तिला काचेवर काय दिसलं ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

पुढच्या वर्षी सगळं पुन्हा सुरू झालं. तोच ताप, तेच रक्त. या खेपेला डॉक्टर तिच्यावरच चिडले. गोळ्या बुडवल्या असतील म्हणाले. तिनं एकही गोळी बुडवली नव्हती. सहा महिन्यांची रिकामी पाकिटं एका पिशवीत जपून ठेवली होती आणि ती पिशवी घेऊनच ती आली होती. तिनं पिशवी टेबलावर ठेवली. त्यांनी कोपरानं बाजूला सारली आणि लिहीत राहिले. मी आणखी दोन काचा रंगवल्या. निगेटिव्ह, प्लेंटी. आणि तिला आठ महिन्यांचा कोर्स लागला, त्यात पहिले दोन महिने रोज एक इंजेक्शन.

पाचव्या आठवड्यात तिचा फोन आला. कानात रातकिडे ओरडून राह्यलेत म्हणाली, आणि उठलं की जमीन हालल्यासारखी वाटते. मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, थोडंफार होतं, कोर्स अर्धवट सोडू नका. आम्ही सोडला नाही. आम्ही आज्ञाधारक माणसं. कोर्स संपला तेव्हा ती फोन डाव्या कानाला लावू लागली होती, आणि तरी दोनदा तेच विचारायची.

त्यानंतर काही वर्षं तिनं डॉक्टरचं नावच काढलं नाही, दाखलाही मागितला नाही आणि घरीच राहिली. गावातल्या दवाखान्यातून पाच दिवसांच्या गोळ्या आणायच्या, बरं वाटलं की बंद. कोरोनाच्या दोन वर्षांत तर ती अंगणातसुद्धा खोकली नाही, तोंडावर उशी दाबून खोकायची, असं दाजींनी मला फार उशिरा सांगितलं.

मग कोरोनानंतरचा एक हिवाळा आला. तिचा बेडका हिरवा झाला होता, पालकाच्या पाण्यासारखा. वजन अडतीस किलो. मी पुन्हा दोन काचा पाहिल्या आणि या वेळी कुणाची चिठ्ठी नसताना कल्चर लावलं. तिसऱ्या दिवशी प्लेट उघडली तर ती हिरवी पडली होती आणि तिला पिकल्या द्राक्षांसारखा गोडसर वास येत होता. तो जंतू आम्हाला चांगला माहीत आहे. स्युडोमोनास. फुप्फुसात एकदा घर केलं की सहजी निघत नाही. टीबीची मशीनवरची तपासणीही करून घेतली, तीही निगेटिव्ह. हे सगळं घेऊन मी जुन्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, टीबी बिघडलाय, आता जादा ताकदीची औषधं लागतील. मी कागद उचलले. आक्काला खोटंच सांगितलं की साहेब गावाला गेलेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तिला संभाजीनगरला नेलं.

तिथल्या छातीच्या डॉक्टर बाई वयानं माझ्याहून लहान असतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आक्काला, आणि तोंड तिच्या डाव्या कानाजवळ नेऊन. खोकला किती वर्षांचा आहे? आक्का म्हणाली, पोरगी होते तव्हापासून. त्यांनी सीटी काढायला लावला आणि पडद्यावर आम्हाला दाखवला. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातल्या श्वासनळ्या टोकाकडं निमुळत्या व्हायला हव्यात, त्या फुगून ढिल्या पडल्या होत्या. लहानपणच्या गोवर-न्यूमोनियानं त्यांच्या भिंती कमजोर झाल्या असाव्यात, असं त्या म्हणाल्या. ढिल्या नळीत कफ साचतो, साचलेल्या कफात जंतू राहतात.

मी माझे रिपोर्ट पुढं केले. मी टेक्निशियन आहे आणि सगळ्या काचा मीच पाहिल्यात, हे सांगितलं. त्यात थोडी ऐट होती, कबूल करतो. त्यांनी सातही कागद ओळीनं मांडले. म्हणाल्या, "प्रत्येक वेळी इतक्या पेशी दिसल्या, तर जंतू मरत का नाहीत, असं तुम्हाला कधी वाटलं नाही?"

नाही वाटलं. एवढ्या वर्षांत एकदाही नाही.

मग त्यांनी समजावलं. या पांढऱ्या पेशींच्या पोटात बारीक पिशव्या असतात. त्यांत एक एन्झाइम असतं, प्रथिनं कापणारं. पेशी जंतूला गिळते आणि हे एन्झाइम त्याला पिशवीतच कापून काढतं. ते नसेल तर जंतू माणसाला पुरून उरतील. पिशवीबाहेर थोडं सांडलंच, तर त्याला गप्प करणारं दुसरं एक प्रथिन यकृत बनवत असतं. पण साचलेल्या कफात पेशी लाखांनी मरतात, फुटतात, आणि एन्झाइम इतकं सांडतं की आवरणारं प्रथिन पुरत नाही. मग ते समोर येईल ते कापत सुटतं. नळीच्या भिंतीतले ताणले जाणारे धागे कापतं, म्हणून नळी आणखी ढिली होते. कफ वाढवतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, नव्यानं आलेल्या पेशींच्या अंगावर जंतू धरायला जी आकड्यांसारखी प्रथिनं असतात, तीच तोडून टाकतं. जंतूवर खूण करणारी प्रतिपिंडंही तुकडे होऊन पडतात. पेशी येतात, त्यांना जंतू समोर असतो पण धरता येत नाही. त्या तिथंच मरतात, त्यांचंही एन्झाइम सांडतं, आणि त्या वासावर आणखी पेशी येतात.

"तुम्ही प्लेंटी लिहीत होतात, ते बरोबरच होतं," त्या म्हणाल्या. "पण ते तिची ताकद दाखवत नव्हतं. तेच तिचं दुखणं होतं."

आक्कानं बरंचसं ऐकलं नसावं असं मला वाटलं. पण ती पुढं झुकून त्यांच्या ओठांकडं पाहत होती. त्या थांबल्यावर तिनं विचारलं, "मंग मला टीबी न्हाईच होता का?"

बाईंनी सातही कागद पुन्हा एकदा चाळले. मग म्हणाल्या की त्या काळात त्या तिथं नव्हत्या, पण सात काचा, मशीनची तपासणी आणि सीटी, यांत कुठंही त्यांना टीबीचा पुरावा दिसत नाही.

बाहेर बाकावर आम्ही दोघं औषधांच्या कागदाची वाट पाहत बसलो. आक्का समोरच्या भिंतीकडं बघत होती. तिकडंच बघत म्हणाली, "काचा तूच बघितल्या होत्या ना?"

मी हो म्हणालो.

"मंग तुला म्हाईत होतं."

मी तेच पाठ केलेलं वाक्य सुरू केलं, की निगेटिव्ह आला म्हणजे टीबी नाही असं नसतं. तिनं हात वर करून मला थांबवलं.

"डाक्टरचं ते डाक्टरजवळ. तू कप कामून येगळा ठिवू दिला, ते सांग."

मी उठून औषधांचा कागद आणायला गेलो. गाडीत ती खिडकीशी बसली आणि बदनापूरला उतरून मागं न बघता दाजींच्या मोटारसायकलवर बसून गेली. पुढं चार महिने तिनं माझा फोन उचलला नाही. खबर दाजींकडून कळायची. चौदा दिवस शिरेतून औषध झालं. मग रोज सकाळ-संध्याकाळ खाऱ्या पाण्याची वाफ, आणि पलंगाच्या कडेवरून डोकं खाली सोडून पडायचं, म्हणजे कफ उतरतो. दाजी तिची पाठ थापटायचे. कमी बोलणारा माणूस, पण ते काम त्यांनी एक दिवस चुकवलं नाही. तिचं वजन चव्वेचाळीसवर आलं.

पाचव्या महिन्यात ती स्वतःच लॅबच्या जिन्यानं वर आली. माझ्याशी नीट बोलली नाही. म्हणाली, चल, साहेबाकडं जायचंय, मला बराबर ऐकू येत न्हाई म्हणून तू पाहिजे. अंगणवाडीवर परत रुजू व्हायला दाखला लागत होता. मी म्हणालो, दाखला संभाजीनगरच्या बाई देतील. ती म्हणाली, टीबी ज्यानं लावला त्यानंच काढला पाहिजे.

डॉक्टरांनी आम्हाला बसायला सांगितलं. आक्कानं सीटीचा कागद पुढं ठेवला आणि मला टीबी कधीच नव्हता असं लिहून द्या म्हणाली. त्यांनी कागद वाचला, नीट वाचला, ते मी पाहिलं. चेहऱ्यावर काही हाललं नाही. मग लेटरहेड ओढून लिहायला लागले. मी वाकून पाहिलं. 'रुग्णाचा टीबी पूर्ण बरा झाला असून ती कामावर जाण्यास योग्य आहे.' मी म्हणालो, साहेब, नव्हता असं लिहायचंय. ते म्हणाले, "त्या वेळी जे दिसलं त्याप्रमाणे उपचार केले. तिला कामावर घेतील ना? मग झालं."

आक्कानं मला विचारलं, काय लिवलं? मी तिच्या डाव्या कानात सांगितलं. तिनं तो कागद घेतला, टेबलावर त्यांच्या बाजूला वळवून ठेवला, वर पेपरवेट ठेवला. म्हणाली, "झाला न्हाई, तर बरा कुठून होईल." आणि उठली. डॉक्टर माझ्याकडं बघत होते, जणू मी तिला आवरावं. मी तिच्या मागं निघालो. एकोणीस वर्षांत त्या खोलीतून मी त्यांची परवानगी न घेता पहिल्यांदा बाहेर पडलो.

दाखला शेवटी संभाजीनगरहूनच आला, हवा तसा लिहिलेला. आक्का कामावर रुजू झाली. काही आयांनी पोरं पाठवली, काहींनी अजून नाही पाठवली. शब्द गावात जितक्या जल्दी शिरतो तितक्या जल्दी निघत नाही. ती पोरांना आता डाव्या हाताला बसवते. मागच्या थंडीत पुन्हा दहा दिवस दवाखान्यात होती. तेव्हा डॉक्टर बाईंनी सांगितलं की त्या एन्झाइमला पेशीतच बोथट करणारी गोळी बाहेरच्या देशात निघालीय, आपल्याकडं यायला वेळ लागेल. आक्कानं विचारलं, ती कानाला चालती का?

माझं म्हणाल तर मी लॅबमध्ये भांडखोर झालोय. काच निगेटिव्ह आणि पेशी प्लेंटी असल्या की मी रिपोर्ट नुसता पाठवत नाही. डॉक्टरांना फोन करतो, खोकला किती वर्षांचा आहे विचारलंत का, कल्चर लावू का. मालक दोनदा बोलले मला. चिठ्ठ्या कमी होतील म्हणाले. काही झाल्याही.

गेल्या महिन्यात स्टीलच्या कारखान्यातल्या एका कामगाराची थुंकी आली, त्याच जुन्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. दोन काचा, दोन्ही निगेटिव्ह. मी फोन केला. औषधं सुरू करण्याआधी मशीनवर तपासू या, म्हणालो. ते म्हणाले, "तुमचं काम काच बघण्याचं आहे."

"काच बघूनच बोलतोय, साहेब."

त्यांनी फोन ठेवला. मी त्या माणसालाच खाली अडतीपाशी गाठलं आणि सरकारी दवाखान्यात पाठवलं, तिथं ती तपासणी फुकट होते. चार दिवसांनी तो रिपोर्ट घेऊन मला दाखवायला आला. पॉझिटिव्ह. त्याला टीबीच होता. डॉक्टर बरोबर होते.

मालक हसले. मला हसू आलं नाही आणि ओशाळल्यासारखंही झालं नाही. मी त्या माणसाला सांगितलं की गोळ्या एकही चुकवू नका, आणि कानात आवाज आला तर त्याच दिवशी सांगा, कुणी होतं थोडंफार म्हणालं तरी पुन्हा सांगा. तो मान हलवत उभा होता. मग त्यानं विचारलं, घरी भांडी वेगळी ठेवू का? मी म्हणालो, नको. खोकताना तोंडावर रुमाल धरा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि नेहमीच्याच ताटात सगळ्यांसोबत जेवा. तो गेल्यावर मी हात धुतले आणि पुढची काच घेतली.